गरीब स्वभाव

आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तीस वर्षं एक वाक्य ऐकावं लागलं, आणि ते ऐकवणारा मी होतो. "धाकटा आमचा फार गरीब स्वभावाचा. लक्ष्मणच म्हणा ना. आजवर मला उलटून बोलला नाही." पाहुणे माना डोलवायचे. भाऊ तिथंच ओसरीच्या खांबाला टेकून जमिनीकडं बघत बसलेला असायचा. आपलं कौतुक चाललंय याची खूण त्याच्या चेहऱ्यावर कधी दिसली नाही. खूश मी व्हायचो. त्या वाक्यात त्याच्यापेक्षा माझंच कौतुक जास्त होतं, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. नोकरीची बहुतेक वर्षं वसमत आणि औंढा तालुक्यांतल्या शाळांत गेली. सकाळी फळ्यावर सुविचार लिहिण्याची मला फार हौस. 'प्रयत्नांती परमेश्वर', 'आळस हा माणसाचा शत्रू' अशी वाक्यं ठसठशीत अक्षरात लिहायची आणि पोरांकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायची. नैराश्य हा शब्द माझ्या लेखी दोनच ठिकाणी राहत होता. एक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत, जिथं लोकांना रिकामा वेळ भरपूर. दुसरं म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या पेपरात, आतल्या पानावर, जिथं कर्ज, नापिकी आणि एका शेतकऱ्याचं नाव एकाच बातमीत येतं. या दोन टोकांच्या मध्ये कुणी उदास दिसला, तर तो स्वभाव. स्वभावाला औषध नाही, असं आपल्याकडं म्हणतातच. मीही म्हणायचो.

भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी नोकरी धरली, त्यानं शेत धरलं. सात एकर रान, सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी, आणि त्यात हळद. हळद आळशी माणसाचं पीक नाही. जूनमध्ये बेणं लावायचं, आठ-नऊ महिने खुरपण, खत, पाणी सांभाळायचं, फेब्रुवारी-मार्चात पाला कापून कंद काढायचे, मग कुकर लावून शिजवायची, पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची, तेव्हा कुठं माल मोंढ्यात जातो. हे सगळं तो बिनबोभाट करायचा. पहाटे उठायचा, दोन वेळा जेवायचा, रात्री अंथरुणावर पडायचा. कामाला जाणारा, जेवणारा, दारूच्या थेंबाला न शिवणारा माणूस आजारी कसा असेल?

पण काही गोष्टी मी बघत होतो आणि बघून न बघितल्यासारखं करत होतो. हळद चांगली उतरली तरी त्याचा चेहरा तसाच, पडलेला. मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा पेढा तोंडात धरून तो गप्प उभा होता. भजनी मंडळात टाळ धरायचा, ठेका कधी चुकायचा नाही, पण गायचा नाही. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुम्ही म्हणाल तसं." स्वतःहून बोलला तर, "माझ्यानं काय होतंय." रात्री दोन-तीनला उठून अंगणात बसलेला असायचा. वहिनी एकदा मला म्हणाल्या होत्या, "दादा, हे घरात असून नसल्यासारखे असतात." मी त्यांनाच समजावलं होतं की असा नवरा मिळायला नशीब लागतं.

आणि त्याला मी काय सांगायचो? "तुला काय कमी आहे?" बागायती रान, डोक्यावर कर्ज नाही, लेकरं शहाणी. या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर नसायचं, कारण खरोखरच काही कमी नव्हतं. तो खाली मान घालायचा. माझ्या प्रश्नानं त्याच्या दुःखात आणखी एका गुन्ह्याची भर पडत होती. काही कमी नसताना आपण असे का, याची लाज.

२०१५ मध्ये राज्य सरकारनं शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि विदर्भाचे सहा. आमचा हिंगोली त्यात होता. गावोगावच्या आशा ताईंनी घरोघर जाऊन माणसांच्या मनाची विचारपूस करायची, गरज वाटेल त्याला दवाखान्यात पाठवायचं, असं ते काम. २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या गावची आशा ताई कागद घेऊन ओसरीवर आली. माझीच विद्यार्थिनी. मी खुर्चीत, भाऊ खांबापाशी.

ती भावाला विचारायची आणि उत्तर मी द्यायचो. झोप लागते का? "लागते की." भूक? "दोन भाकरी खातो." कशात मन लागत नाही असं होतं का? "त्याला शेतातून सवड कुठं आहे?" तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "गुरुजी, काकांना बोलू द्या." शाळेत मला घाबरणारी पोर. मला राग आला, पण गप्प बसलो.

तिनं पुन्हा विचारलं, "काका, उदास वाटतं का? किती दिवसांपासून?"

भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग जमिनीकडं बघतच म्हणाला, "तसं वाटलं नाही असा दिवसच आठवंना, ताई."

तो हे इतक्या साध्या आवाजात म्हणाला, जणू कुणी त्याला रानाचा गट नंबर विचारला होता. मी तीस वर्षं त्याच्यासोबत एका घरात जेवत होतो आणि हे वाक्य पहिल्यांदा ऐकत होतो. कारण हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता. 'तुला काय कमी आहे' हा प्रश्न नसतो. तो निकाल असतो.

तालुक्याला, मग जिल्ह्याला, असं करत आम्ही मानसोपचाराच्या डॉक्टरांपुढं बसलो. सोबत मी आणि आमची अक्का. डॉक्टरांनी विचारलं, "हे असं कधीपासून?" मी ठामपणे म्हणालो, "जन्मापासूनच. स्वभावच तसा."

अक्का म्हणाली, "खोटं." आणि तिनं हिंगोलीच्या दसऱ्याची आठवण काढली. भाऊ नऊ-दहा वर्षांचा असेल. वडील आम्हाला रामलीला मैदानावर रावण बघायला घेऊन गेले होते. आकाशपाळण्यात बसायचं म्हणून त्यानं धुळीत लोळण घेतली होती, बसल्यावर वरून ओरडून ओरडून आमची नावं घेतली होती, आणि परत येताना एसटीत सगळ्या प्रवाशांना रावणाचा आवाज काढून दाखवला होता. मला ते लख्ख आठवलं. म्हणजे ज्याला मी जन्मजात म्हणत होतो, त्याला सुरुवात होती. सतरा-अठराव्या वर्षी कधीतरी हळूहळू दिवा बारीक झाला होता. एकदम विझला असता तर आम्ही धावलो असतो. बारीक झाला म्हणून कुणाला दिसलं नाही.

डॉक्टरांनी जे सांगितलं, ते मी नंतर जमेल तेवढं वाचूनही काढलं. या आजाराचं नाव डिस्थायमिया. दीर्घकाळ चालणारं सौम्य नैराश्य. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहतं. जोडीला भूक, झोप, अंगातली शक्ती, स्वतःबद्दलची किंमत, एकाग्रता, निर्णय घेण्याची ताकद, आशा यांपैकी दोन-तीन गोष्टी तरी बिघडलेल्या असतात. मध्ये बरे दिवस येतात, पण सलग दोन महिने मोकळे गेले असं होत नाही. पुष्कळदा सुरुवात कोवळ्या वयात होते, म्हणून त्या माणसालाही वाटतं की आपण असेच आहोत. ताप चढलेल्या माणसाला काल ताप नव्हता हे आठवत असतं. माझ्या भावाकडं 'काल' नव्हता.

'सौम्य' या शब्दानं मी फसलो होतो. एखाद्या दिवशी मोजलं तर ते सौम्यच. पण तीस वर्षांचे दिवस एकावर एक रचले तर? सहा महिने माणसाला अंथरुणाला खिळवणारं नैराश्य भयंकर असतं, घर हादरतं, डॉक्टर गाठले जातात. हे मात्र माणसाला कामावर जाऊ देतं, म्हणून कुणी हादरत नाही. एक माणूस आयुष्यभर अर्ध्या भाकरीवर जगतो आणि घरचे म्हणतात, बघा किती मिताहारी आहे.

एक गोष्ट वाचून मात्र मला जरा धीर आला. हा गैरसमज माझ्या एकट्याचा नव्हता. डॉक्टरलोकही फार काळ याला स्वभावदोष किंवा मनाचा दुबळेपणाच समजत होते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९८० मध्ये डिस्थायमियाला नैराश्याच्या आजारांच्या रांगेत जागा मिळाली. हॅगॉप अकिस्कल यांच्यासारख्या तज्ज्ञांनी त्याच सुमारास दाखवून दिलं की, 'स्वभावानंच उदास' म्हणून सोडून दिलेल्या लोकांपैकी अनेकांना नैराश्याच्या औषधांनी आराम पडतो. २०१३ मध्ये त्या सूचीत या आजाराचं नाव बदलून 'सततचं नैराश्य' अशा अर्थाचं झालं. म्हणजे भावाची उदासी सुरू झाली त्याच्या थोडं आधी, १९८० सालीच, जगात कुठंतरी तिला आजार म्हणून मान्यता मिळाली होती. आमच्या ओसरीपर्यंत ती बातमी यायला अडतीस वर्षं लागली.

इथंच मन बदललं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मनोगत लिहायचं तर पुढचं सांगायला हवं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, बरं वाटलं तरी मनानं बंद करू नका, असं बजावलं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळत होत्या. मी घरी आल्या दिवसापासून त्या गोळ्यांच्या विरोधात होतो. सवय लागेल, डोकं कामातून जाईल, गावात 'डोक्याच्या गोळ्या' म्हणून बोभाटा होईल, मुलीच्या स्थळाला अडचण येईल. औंढ्याला सोमवारी नागनाथाचं दर्शन घे, पहाटे फिरायला जा, असा माझा उपाय. तीन महिन्यांनी तो जरा बरा दिसू लागला. रात्री झोपू लागला. तेव्हा मीच म्हणालो, "आता कशाला? बंद कर."

आणि तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

त्याच्या आजाराचं सगळ्यात ठळक लक्षण मी माझ्या सोयीसाठी वापरलं. ऐन उपचार चालू असताना.

पहिल्या आठवड्यात त्याला चक्कर, मळमळ, झोपेचे वांधे. महिन्या-दोन महिन्यांत तो पार खाली गेला. शेतात जाईना, अंघोळ करीना, पुतण्यानं ताटावर आणून बसवलं तर घास हातातच राहायचा. एकदा वहिनींना म्हणाला, "मी नसलो तर तुमचं बरं होईल." त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही. सकाळी आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांपुढं. ते मला रागावले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की जुन्या सौम्य नैराश्यावर तीव्र नैराश्याचा झटका येऊन बसतो, त्याला दुहेरी नैराश्य म्हणतात, आणि सौम्याकडं दुर्लक्ष झालं की तीव्राला वाट मोकळी होते. मी ज्याला आजार मानायला तयार नव्हतो, तो पेपरातल्या आतल्या पानाच्या किती जवळ राहत होता, हे मला त्या खोलीत कळलं.

या वेळी गोळ्यांसोबत समुपदेशनही सुरू झालं. समुपदेशक बाईंचं पहिलं काम मला बाहेर बसवणं. दुसरं काम त्याला एक वही देणं. दिवसभरात काय केलं आणि ते करताना कसं वाटलं, एवढंच लिहायचं. मन लागलं की मग काम करू, असं थांबायचं नाही. जमेल तेवढं लहान काम ठरवून करायचं आणि मनाला मागून येऊ द्यायचं. ही पद्धत साधी वाटते, पण तिच्यामागं अभ्यास आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांत हेच करून घेतलं, आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही त्याचा गुण आल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. भावाच्या वहीत पहिल्या पानावर होतं, 'बैल धुतला. काही वाटलं नाही.' तीन आठवड्यांनी होतं, 'बैल धुतला. पाणी गार होतं.' बाईंना ते दुसरं वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. मला त्यात काही कळलं नव्हतं. आता कळतं.

त्याला काय होत होतं ते शेवटी त्यानंच मला शेतकऱ्याच्या शब्दांत सांगितलं. बांधावर बसलो होतो. म्हणाला, "दादा, कालव्याकडचा तुकडा कसा चिबड झालाय, तसं होतं माझं. वरून हिरवं दिसतं. खाली पाणी साचलेलं. मुळाला वाराच लागत नाही." चिबड रानाला कुणी आळशी म्हणत नाही. तुला काय कमी आहे, खत दिलंय, बेणं दिलंय, असं त्याला सुनावत नाही. चर काढतो आणि पाणी उतरायची वाट बघतो. एका हंगामात रान सुधारत नाही हेही प्रत्येकाला ठाऊक असतं. रानाला दिलेली सवलत मी सख्ख्या भावाला दिली नव्हती.

पण खरी कबुली पुढं आहे. माझा इतका विरोध का होता? अज्ञान होतंच. पण त्याच्या आजाराचा मला फायदाही होता. वाटणीत घराचा पुढचा सोपा मला, मागचा त्याला, तो हूं म्हणाला. विहिरीवर मोटार कुणी कधी चालवायची, हळद कधी विकायची, त्याच्या लेकीचं लग्न कुठं करायचं, सगळं मी ठरवलं. त्यानं कधी 'नाही' म्हटलं नाही आणि मी त्याला संस्कार समजलो. आपल्याकडं गरीब स्वभावाची माणसं सगळ्यांना हवी असतात. सासूला तशी सून हवी, शिक्षकाला तसं पोरगं हवं, थोरल्याला तसा धाकटा हवा. त्यांच्यातली किती माणसं खरोखर शांत आहेत आणि किती जणांच्या मुळांना वाराच लागत नाही, हे तपासायला आपण जात नाही, कारण तपासलं तर आपली सोय जाते. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरची, कधी त्रास न देणारी, 'आदर्श' पोरं मला आता रात्री आठवतात. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर मी लाल शाईनं लिहायचो, 'स्वभाव शांत, वर्तन उत्तम.'

देशात २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या 'निम्हान्स'नं बारा राज्यांत मानसिक आरोग्याचं राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यातून दिसलं की नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशी जण उपचाराविना होते. हा आकडा वाचल्यावर पूर्वी मी दवाखाने कमी, डॉक्टर कमी असं म्हणालो असतो. ते खरंच आहे. पण आमच्या घरी दवाखाना आणि रुग्ण यांच्यामध्ये खुर्ची टाकून मी बसलो होतो.

माझं सगळं जुनं मत मी टाकून दिलेलं नाही. पाऊस गेला, सोयाबीन काळं पडलं, बँकेची नोटीस आली, तर माणूस खचणारच. त्याला गोळी देऊन मोकळं होणं मला आजही पटत नाही. गोळीनं कर्ज फिटत नाही, असं गावात म्हणतात, ते बरोबरच आहे. घरात कुणी गेलं तर वर्षभर डोळे ओले राहतात, तोही आजार नाही. पण कारण सरलं तरी उदासी सरत नसेल, किंवा कारणच सापडत नसेल, आणि वर्षामागून वर्षं तसंच चाललं असेल, तर तिला स्वभाव म्हणून गप्प बसण्याचा हक्क आपल्याला नाही. आणि कर्ज गोळीनं फिटत नसलं, तरी बँकेच्या पायऱ्या चढायला पायांत बळ लागतं. ते बळ काही वेळा गोळीतून येतं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारची 'टेलीमानस' फोनसेवा आहे, १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी तो घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. सुविचारापेक्षा मोठ्या अक्षरात.

भाऊ आता कसा आहे, असं लोक विचारतात. एकदम हसरा झाला, गाऊ लागला, असं काही नाही. काही दिवस जड जातात, ते तो सांगतो. गोळीचं प्रमाण डॉक्टरांनी कमी केलंय. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरातली बातमी त्यानं स्वतः वाचून दाखवली.

गेल्या उन्हाळ्यात हळद वाळून तयार होती. मी म्हणालो, "मोंढ्यात नेऊन टाक, घरात लग्न आहे, पैसा मोकळा होईल."

तो म्हणाला, "नाही, दादा. महिनाभर थांबतो. भाव चढेल."

"मी सांगतोय."

"ऐकलं मी. हळद माझी आहे."

मला संताप आला. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. अक्काला फोन करून त्याची तक्रार केली. ती फोनवर हसतच सुटली, तेव्हा मला कळलं की मी कशाची तक्रार करतोय. भाव काही चढला नाही. उलट बिटात थोडा पडलाच. पूर्वीचा तो असता तर आठ दिवस जेवला नसता. या वेळी मोंढ्यातून आला, हातपाय धुतले, "चुकलं आपलं गणित," म्हणाला आणि ताटावर बसला.

परवा लेकीच्या सासरचे पाहुणे आले होते. चहा झाला. जुन्या सवयीनं मी सुरू केलं, "धाकटा आमचा..." आणि अडलो. पुढं काय म्हणावं सुचेना.

खांबापासून आवाज आला, "सांगा की दादा. भांडखोर आहे म्हणून सांगा."